रजा मंजूर झाली होती

दादा, त्या वर्षी माझी रजा रद्द झाली नव्हती. साहेबांनी अर्जावर सही केली होती. बारा दिवसांची रजा मंजूर होती आणि तो कागद माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होता. तो खिशात घेऊनच मी तुझ्या अंगणात आलो आणि म्हणालो, "दादा, रजा गेली. फाइलींबरोबर पहिल्या तुकडीत ग्वाल्हेरला जायचा हुकूम आलाय."

तू तुझ्या लॉरीखाली होतास. बाहेर आलास, चिंधीला हात पुसलेस. "अरे यार," एवढंच म्हणालास. मग माझ्या तोंडाकडे पाहिलंस आणि उलट मलाच समजावायला लागलास. "तू फिकर नको करू, मनू. समुद्र कुठं पळून जातोय?"

तुला जाऊन आज सोळा दिवस झाले. समुद्र तू पाहिला नाहीस.

माझी थाप कुणालाही खरी वाटली असती. मध्यभारत राज्य झाल्यापासून आमचं सरकार उन्हाळ्यात इंदूरला आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला राहतं. दसऱ्याच्या सुमाराला पेट्या भरायच्या, त्यांवर नंबर टाकायचे, सुतळीने आवळायच्या आणि निघायचं. तू हसायचास. "लोक मला भटक्या म्हणतात. तुमचं सरकार तर माझ्याहून पक्कं भटकं आहे." या थापेत अडचण एकच होती. ती खरी दिसायची तर मला गाव सोडावं लागणार होतं. ज्या दिवशी आपण तिघं मुंबईच्या रस्त्याला लागणार होतो, त्या दिवशी मी उलट्या दिशेच्या गाडीत बसलो. वहिनींनी शंकरपाळ्यांचा डबा खिडकीतून आत दिला. "समुद्रावर खायला केले होते. आता तुम्हीच खा, भाऊजी. तिथे कोण करून घालणार तुम्हाला?" मी तो डबा घेतला, दादा. दोन्ही हातांनी घेतला.

वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि तू सतराचा. तू संस्थानच्या मोटारखान्यात चाकांत हवा भरायला लागलास आणि माझी शाळा सुटू दिली नाहीस. पुढे ड्रायव्हर झालास. सरकारस्वारी शिकारीला निघाली की तंबूंचं सामान तुझ्या लॉरीत असायचं. महिना महिना तू जंगलात राहायचास, पण तंबूत कधी झोपला नाहीस, लॉरीखाली झोपलास. संस्थान विलीन झालं, मोटारखाना आटला, तुला घरी बसवलं. आपल्या रामबागेतले लोक म्हणाले, आता सियागंजमध्ये एखाद्या शेठजीची लॉरी चालवेल. तू महूच्या लष्करी लिलावातून एक मोडकी फौजी लॉरी ओढत आणलीस.

"हिचं काय करणार?" मी विचारलं.

"घर," तू म्हणालास. "लोकांचे तंबू खूप ठोकले. आता अपना."

वर्षभर तू तिच्यात मान घालून होतास. दोन बाकं केलीस, उघडली की त्यांचे पलंग व्हायचे. कोपऱ्यात लोखंडी शेगडी पक्की बसवलीस. एका बाजूने कनात सोडलीस, ती दोन बांबूंवर टेकली की ओसरी तयार. वहिनींना तू मसाल्यांसाठी खण करून दिलास, त्याला इतकी घट्ट कडी लावलीस की चोरलच्या रस्त्यावर हळद पाहिजे झाली तेव्हा पाना घेऊन बसावं लागलं. वहिनी म्हणाल्या, "तुमच्या इंजिनाला अशी कडी लावली असती तर ते तरी रस्त्यात उघडावं लागलं नसतं!"

माझी बायको जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मूलबाळ तुम्हालाही नव्हतं, मलाही नाही. मी इंदूरला असलो की तुमच्याच पंक्तीला जेवायचो. तुम्ही दोघं मला न विचारताच गाडीत घालून न्यायचात. चोरल नदीच्या काठी, मंडलेश्वरला नर्मदेवर, कधी नुसतंच एखाद्या आंब्याच्या झाडाखाली. तू गोवऱ्या पेटवून कणकेचे बाफले भाजायचास. वहिनी डाळ घोटायच्या. मी पाणी आणायचो. गावातली माणसं भोवती गोळा व्हायची.

"कई बेचो हो, भिया?" काय विकता म्हणून एकदा एका म्हाताऱ्याने तुला विचारलं होतं.

"कई नी बेचां, बा."

"तो फेर करो कई?"

"खावां, ने सोवां."

खायचं आणि झोपायचं, या धंद्यावर म्हातारा बराच वेळ विचार करून म्हणाला, "ये काम तो अच्छो है." वहिनी इतक्या हसल्या की डाळ करपली.

समुद्राचं वेड तुला मोटारखान्यात लागलं. कोकणातला एक ड्रायव्हर तुला सांगून गेला होता, की अलिबागेच्या पलीकडे ओहोटीनंतर ओल्या वाळूवर मोटार सडकेसारखी पळते, चाक रुतत नाही. तुला ते पटत नव्हतं. आयुष्यभर तू नदीच्या वाळूतून लॉऱ्या उपसल्या होत्यास. "ओल्या वाळूत चाक रुतणारच," तू म्हणायचास, आणि मग, "पण बघितलं पाहिजे." आपल्यांत समुद्र पाहिलेला मी एकटाच होतो, तोही परीक्षेसाठी मुंबईला गेलो तेव्हा, अर्धा तास. तू मला खोदून खोदून विचारायचास.

"नर्मदेच्या किती पट?"

"पट नाही सांगता येत. पलीकडचा काठच दिसत नाही."

"धुक्यात नर्मदेचाही दिसत नाही."

"तसं नाही रे, दादा. स्वच्छ उजेडात दिसत नाही."

"मग तुझी नजर कमजोर आहे. एवढा शिकलास आणि एक समुद्र सांगता येत नाही तुला?"

हा वाद आपण मंडलेश्वरच्या घाटावर किती वेळा केला असेल. तो तसाच राहिला. आता मला समुद्र सांगता येईल असं वाटतं, रात्रंदिवस त्याचाच विचार करतो आहे. पण विचारणारं कुणी नाही.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो तिच्याकडे येतो. अजून टाळतोच आहे.

त्या लॉरीचा हातब्रेक तुझ्याच्याने कधी पक्का झाला नाही. भाग मिळत नव्हता. म्हणून घाट चढताना तुझी एक पद्धत होती. मी खाली उतरायचो आणि लाकडाचा जाड ठोकळा घेऊन मागच्या चाकाबरोबर चालायचो. उभ्या चढावर तू गिअर बदलायला थांबलास की गाडी वीतभर मागे यायची. तेवढ्यात मी ठोकळा चाकामागे सरकवायचा आणि फळीवर दोन थापा मारायच्या. थापा ऐकल्या की तू क्लच सोडायचास. आरशात तू बघायचाही नाहीस. दुसऱ्या कुणाच्या हाती तो ठोकळा तू दिला नाहीस. शेजारचे म्हणायचे, आम्ही येतो, एखादा मजूर घ्या. तू म्हणायचास, "नाही. मनूच पाहिजे. मनूची थाप पडली की मी डोळे मिटून गाडी सोडतो." म्हणूनच मी नाही तर घाट नाही, आणि घाट नाही तर समुद्र नाही. हे मला नीट ठाऊक होतं.

त्याच वर्षीचा भाद्रपद. कोकणाच्या आधीची तालीम म्हणून आपण रविवारी चोरलला गेलो होतो. परतताना सिमरोलच्या घाटात मी धोतर खोचून, डोक्याला पंचा गुंडाळून, ठोकळा घेऊन चालत होतो. वरच्या वळणावर तू गिअरसाठी थांबलास. त्याच वेळी समोरून एक काळी मोटार उतरत आली. ती आमच्या साहेबांची होती. शेजारी मेमसाहेब होत्या, मागे पोरं. मी ओळखली आणि तोंड फिरवलं. डोंगराकडे तोंड करून उभा राहिलो, दादा, जसा काही मी कुणी दुसराच आहे. तुझी गाडी नेहमीसारखी वीतभर मागे आली. ठोकळा तिथे नव्हता. मग मी धडपडत तो घातला आणि डाव्या हाताची दोन बोटं चाकाखाली चेंगरली.

तू उडी मारून खाली आलास. तुझा चेहरा पांढराफटक पडला होता. माझी बोटं पंच्यात बांधताना तुझी गाठ तीनदा सुटली, शेवटी वहिनींनी मारली. त्या रात्री घरी तू जेवला नाहीस. "माझा पाय सरकला का रे ब्रेकवरून?" तू दोनदा विचारलंस. मी म्हणालो, "काय माहीत. जाऊ दे. दोन नखं गेली, येतील पुन्हा."

"काय माहीत" म्हणालो. मला माहीत होतं.

तोंड फिरवून उपयोग झालाच नव्हता. सोमवारी साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "सुना है हमारे बडे बाबू इतवार को क्लीनरी करते हैं." हशा झाला. साहेब विसरूनही गेले असतील, पण हॉलमधल्यांना तीन आठवडे पुरलं. मी फाइल घेऊन उठलो की कुणीतरी टेबलावर दोन थापा मारायचं आणि ओरडायचं, "जाने दो, उस्ताद!" माझं नाव त्या वेळी सुपरिंटेंडंटच्या जागेसाठी गेलं होतं. आपले आजोबा पागेत घोडे सांभाळायचे, वडील पागेत, तू मोटारखान्यात. घरातला पहिला खुर्चीवर बसलेला माणूस मी, आणि त्या खुर्चीवर मला तूच बसवलं होतंस. तुझ्या गाडीचा क्लीनर म्हणून मी कोकणापर्यंतच्या सगळ्या घाटांत चालणार, हे खात्यात आधीच माहीत झालं होतं. मला ते सोसलं नाही. म्हणून रजेचा कागद खिशात घालून तुझ्या अंगणात आलो.

ग्वाल्हेरला मी कारकुनांच्या बराकीतल्या माझ्या खोलीत सहा दिवस एकटा होतो. पुष्कळशा खोल्या अजून बंद होत्या, खानावळ सुरू झाली नव्हती. सकाळी शंकरपाळे, दुपारी शंकरपाळे. खाटेवर पडून जुनं वर्तमानपत्र पुन्हा पुन्हा वाचायचो. सातव्या दिवशी दुपारी बाहेर ओळखीचं इंजिन वाजलं. तुझी गाडी दोनशे गाड्यांतूनही मला ओळखता आली असती. मी उठून उभा राहिलो आणि जागचा हललो नाही.

चपराशी तुला वर घेऊन येत होता. मोठ्याने सांगत होता, "बाबूजी तो छुट्टी पे हैं. हफ्ते भर से कमरे में ही पडे रेते हैं."

तुम्ही दारात पोचलात. वहिनी तुझ्या मागे होत्या. तू माझ्याकडे पाहिलंस, खाटेकडे, वर्तमानपत्राकडे. मग चपराशाकडे वळून म्हणालास, "हां भिया, हमारे साथ ही घूमने जानेवाले हैं ये. हमको ही आने में देर हो गई."

तो गेला. मी काहीतरी बोलणार होतो. तू म्हणालास, "वहिनीने भाजी आणलीये. शेगडी पेटवू या." आणि थोडं थांबून, "इकडच्या रस्त्याला तसा घाट लागत नाही. आरामात आलो."

दोन दिवस तुम्ही राहिलात. गाडी बाहेर कडुलिंबाखाली लावली होती, ओसरीची कनात सोडली होती, तू बाफले केलेस, चपराशालाही वाढलेस. आपण हवापाण्याचं बोललो. तू रजेचं नाव काढलं नाहीस, मीही काढलं नाही. मला वाटलं, दादाने माफ केलं. त्याहून सोयीचं काही मला वाटूच शकत नव्हतं.

नंतरच्या तीन वर्षांत तू गाडी फक्त सपाटीवर नेलीस. सांवेर, उज्जैन, क्षिप्रेचा काठ. चोरल सुटलं, नर्मदा सुटली. कोकणाचं तर कुणी बोलेना. मी म्हणायचो, वय झालं दादाचं. बावन्न हे काय वय होतं? पुढे तुझी छाती दुखायला लागली. गेल्या महिन्यात तार आली तेव्हा मी पेट्यांचे नंबर तपासत होतो. यंदा म्हणे शेवटचं इंदूरला जायचं, नंतर सगळं भोपाळला. मी पोचलो तेव्हा तुला पोचवून लोक परतले होते. अंगणात गाडी होती आणि माणसं होती. तू नव्हतास, आणि मी सगळ्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो.

परवा चौदावा झाला, पाहुणे गेले. काल संध्याकाळी मी वहिनींना सांगितलं की सियागंजचे एक व्यापारी लॉरी मागताहेत, गुळाच्या भेल्या वाहायला. मला वाटलं त्या नाही म्हणतील.

"देऊन टाका," त्या म्हणाल्या. "यांनी ती मनातून कधीच काढली होती."

"का?"

"तुम्हाला ठाऊक नाही? सिमरोलच्या घाटापासून." त्या माझ्या डाव्या हाताकडे बघत होत्या. "म्हणायचे, माझा पाय सरकला, मनूची बोटं गेली असती. तो घाबरला. माझ्या गाडीमागे चालायची आता त्याची हिंमत नाही, आणि तोंडावर सांगवत नाही म्हणून रजेचं निमित्त केलंन बिचाऱ्याने. ग्वाल्हेरहून परतताना सगळा रस्ता हेच. किती जपलं मनूने मला, म्हणायचे. तुम्हाला चांगलं म्हणायचे, भाऊजी."

मी तो हात मागे घेतला.

"नंतर कितीतरी दिवस गाडी अंगणात उभी असताना आत जाऊन बसायचे. ब्रेकवर पाय ठेवून. सरकतो का बघायचे. मी हाक मारली तर म्हणायचे, थांब गं, अजून कळत नाहीये."

आणि तेव्हाही मी खरं सांगितलं नाही, दादा. चहा प्यालो, कप विसळून ठेवला, येतो म्हणालो आणि खोलीवर निघून आलो. तीन वर्षं मी समजत होतो की तुझं समुद्राचं सुख मी घेतलं. ते तर घेतलंच. पण तुझा तुझ्या पायावरचा भरवसा मी काढून घेतला. तीस वर्षं ज्याने सरकारस्वारीपासून वहिनींच्या हळदीपर्यंत सगळं घाटांतून वर नेलं, एकदाही कुणाला ओरखडा येऊ दिला नाही, तो माणूस आपल्याच अंगणात ब्रेकवर पाय ठेवून स्वतःला तपासत बसला. तू मला एकदा दम भरून विचारलं असतंस तर! कान धरला असतास! पण तू मला जपत होतास, आणि मी तुला ते करू दिलं.

आज सकाळी पुन्हा गेलो. वहिनी गहू निवडत होत्या. मी समोर जमिनीवर बसलो.

"वहिनी, दादाचा पाय सरकला नव्हता."

त्यांचा हात थांबला नाही. "मग?"

"गाडी नेहमीएवढीच मागे आली. ठोकळा मी उशिरा घातला. मी तोंड फिरवून उभा होतो."

"कुणाला बघून?"

"आमच्या साहेबांची मोटार येत होती."

"मग तोंड कशाला फिरवायचं?"

"क्लीनर दिसेन म्हणून. ऑफिसात नंतर हसलेच सगळे. रजा मंजूर होती, वहिनी. मी घाटाला भ्यालो नव्हतो. दादाच्या गाडीमागे चालताना कुणी बघेल, याची मला लाज वाटली."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं आता उठून जातील, किंवा मला जा म्हणतील. त्यांनी म्हणायला हवं होतं. वहिनी गाडीकडे तोंड करून बसल्या आणि म्हणाल्या, "तेवढंच पुन्हा सांगा. यांच्या पायाचं."

"दादाचा पाय सरकला नव्हता."

"पुन्हा."

मी पुन्हा सांगितलं. त्या रडत होत्या आणि मान हलवत होत्या, चुकलेला हिशेब कुणीतरी बरोबर वाचून दाखवत असल्यासारख्या. मग मी त्यांच्या पायांना हात लावला आणि जे तुला तीन वर्षांपूर्वी त्या दारातच म्हणायला हवं होतं ते म्हणालो. चूक माझी होती, दादाची कधीच नव्हती. मला तुझी लाज वाटली, दादा. मला माफ कर. वहिनी, तुम्हीही.